पाचपैकी पाच

विडीनं खोकला दिला, खोकल्यानं हर्निया दिला आणि हर्नियानं आमच्या तात्यांना नऊ दिवसांची रुग्णालयवारी घडवली. या नऊ दिवसांत हर्नियाला जाळी बसली, खोकल्याला बाटली मिळाली. विडीला मात्र कोणी बोट लावलं नाही. नातीला औषध पाजून झालं, आजी खुशाल ओट्यावर बसून राहिली.

तात्या म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचे थोरले काका. वय ६१, मुक्काम सातारा जिल्ह्यात, सडकेपासून बराच आत. सोळाव्या वर्षी त्यांनी पहिली विडी पेटवली, ती अजून विझलेली नाही. हिशेब दिवसाला दोन बंडलांचा. अर्धी राहिलेली विडी कानावर, सुतार पेन्सिल ठेवतो तशी.

दाखल करताना एक तरुण डॉक्टर केसपेपर घेऊन आला. पोराला बहुधा आदल्या दिवसापासून झोप नव्हती.

"बीपी?"

"नाही."

"शुगर?"

"नाही."

"काही व्यसन?"

तात्या उखडले. "माळकरी माणूस आहे मी, डॉक्टर!" असं म्हणून त्यांनी सदऱ्याच्या गळ्यातून तुळशीची माळ बाहेर काढली. माळ ओढताना वरच्या खिशातलं विडीचं बंडल इंचभर वर आलं. डॉक्टरनं माळ पाहिली, बंडल पाहिलं नाही, आणि लिहून टाकलं : हॅबिट्स – निल.

तात्या खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे व्यसन म्हणजे दारू. तंबाखूला आपण कधी व्यसनात बसवलंच नाही. ती सकाळी पोट साफ करते, मिश्री होऊन बायकांचे दात घासते, बांधावर दोन माणसांची ओळख करून देते. लग्नाच्या जाहिरातीतला 'निर्व्यसनी' मुलगा मुलगी बघायला येतो तेव्हा चहा येईपर्यंत त्याचा अंगठा डाव्या तळव्यावर फिरत असतो आणि मुलीच्या बापाला त्यात काही वावगं दिसत नाही. कारण बापाची चुन्याची डबी दोघांच्या मधे टीपॉयवर असते.

शेजारच्या आठ नंबरच्या खाटेवरच्या गृहस्थांना तर त्याच डॉक्टरनं थेट विचारलं, "स्मोकिंग?" त्यांनी ठामपणे मान हलवली. तोंडानं बोलले नाहीत, कारण तोंडात बार होता. छापील फॉर्मात 'स्मोकिंग : होय/नाही' एवढाच रकाना होता आणि त्यांनी शंभर टक्के खरं उत्तर दिलं होतं. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूर ओढणारे निघाले आणि २४.४ टक्के तंबाखू तोंडात धरणारे. म्हणजे ज्या राज्यात शंभरातले चार ओढतात आणि चोवीस चघळतात, तिथं फॉर्म चौघांसाठी छापला जातो. हे फॉर्म कुठून येतात कोण जाणे. बहुधा जिथं बर्फ पडतो तिथून.

विचारण्याला एवढं काय महत्त्व, असं वाटेल. १९५० साली छापून आलेल्या अभ्यासासाठी लंडनमधल्या २० रुग्णालयांत रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी दुसरं काय केलं? खाटेवरच्या माणसांना विचारायला लावलं. ओढता का, कधीपासून, दिवसाला किती, मधे सोडली होती का. फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांत तंबाखू न ओढणारे निघाले दोन. सिगारेट आणि कर्करोगाची सोयरीक जगाला कळली ती अशी, रुग्णालयातल्या खाटांच्या कडेला उभं राहून. आणि गंमत म्हणजे हे काम पुरतं व्हायच्या आतच डॉलसाहेबांनी स्वतःची सिगारेट सोडली. आमचा विचारणारा केसपेपर मिटून ॲम्ब्युलन्सच्या शेडमागे गेला. मी पाण्याची बाटली आणायला तिकडूनच चाललो होतो, म्हणून धूर दिसला. पोराला दोष देत नाही. छत्तीस तासांच्या ड्युटीला कोणतं तरी इंधन लागणारच.

वॉर्डात एक फलक होता. सार्वजनिक जागी धूम्रपान बंद, हा नियम २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर आहे आणि फलक किती सेंटिमीटर लांब-रुंद असावा तेही नियमात आहे : ६० बाय ३०. तक्रार कोणाकडे करायची, त्याचं नाव फलकावर लिहावं लागतं. आमच्या फलकावर 'तक्रार येथे करावी' यापुढची जागा कोरी होती. त्या कोऱ्या जागेत कोणीतरी चुन्याचं बोट पुसलं होतं. तक्रार नोंदवली गेली म्हणायची.

आता रुग्णालयातली नाती समजून घ्या. तिथं नर्स असते सिस्टर, आयाबाई असते मावशी आणि वॉर्डबॉय असतो मामा. सिस्टर ओरडते, मावशी दुर्लक्ष करते आणि मामा पुडी आणून देतो. घरच्यासारखं वातावरण म्हणतात ते हेच.

पहिले दोन दिवस तात्या "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून खाली जात. दुसऱ्या दिवशी भूलतज्ज्ञ आले, छातीला नळी लावून ऐकलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू आत कोणी जुनी एसटी सुरू करायचा प्रयत्न करतंय. "फिटनेस देता येणार नाही. छातीत कफ आहे. विडी एकदम बंद. चार दिवसांनी बघू." एवढं बोलून ते गेले. नऊ दिवसांत विडी हा शब्द उच्चारणारे डॉक्टर ते एकटे. पण उच्चारला कसा, तर विमानात 'मोबाईल बंद करा' म्हणतात तसा. बटण दाबायचं आणि बंद.

सूनबाईंनी बंडल जप्त केलं, आगपेटी पर्समध्ये टाकली. आणि मग सुरू झाला खरा कार्यक्रम.

शरीरातलं निम्मं निकोटिन दोनेक तासांत उतरतं. तलफ, चिडचिड, निद्रानाश, हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टिपेला जातं. तात्यांनी तिसऱ्या दिवशी सलाईनचा स्टँड ढकलला, सुनेला तिच्या माहेराचा इतिहास ऐकवला, आठ नंबरवाल्यांशी पंख्यावरून भांडले आणि रात्री दोन वाजता उठून "म्हशीचं बघायचंय" म्हणून चपला शोधू लागले. वॉर्डात धावपळ उडाली. सोडियम तपासलं, साखर तपासली, लघवी तपासली. सोडियम नॉर्मल. एक डॉक्टर म्हणाले वय झालंय. मावशी म्हणाली, बाहेरचं काहीतरी दिसतंय, उतारा टाका. शेवटी झोपेची गोळी दिली.

मला कळत नाही ते एवढंच. दाखल होताना प्रत्येक माणसाला विचारतात, "घरी कोणत्या गोळ्या चालू आहेत?" बीपीची गोळी असेल तर एक दिवस चुकवत नाहीत. इन्सुलिन घरून पिशवीत आणलं तरी सिस्टर फ्रीजमध्ये नीट ठेवते. आणि जे रसायन हा माणूस पंचेचाळीस वर्षं दिवसाला चाळीस वेळा घेत आलाय, ते एका दुपारी तोडून टाकतात आणि कागदावर त्याचं नावही नसतं. हॅबिट्स निल म्हटल्यावर तलफही निलच असणार की.

यात चहाची आणखी एक भानगड. धुरातल्या डांबरी द्रव्यांमुळे ओढणाऱ्याचं यकृत काही पदार्थ भरभर जाळतं, त्यात चहा-कॉफीतलं कॅफिन येतं. विडी बंद झाली की यकृताचा तो झपाटा काही दिवसांत उतरतो आणि तेवढाच चहा जवळजवळ दुप्पट लागू लागतो. इकडे विडी नाही म्हणून तात्यांचा चहा तिनाचा सहावर गेला होता. हात थरथरताहेत, छाती धडधडतेय, झोप नाही, आणि दोष मात्र म्हशीला. दम्याच्या थिओफायलिनचं आणि मनोविकारांच्या काही औषधांचंही असंच होतं. विडी सोडली की मात्रा पुन्हा बघावी लागते. पण मात्रा बघायला आधी विडी माहीत हवी.

पाचव्या दिवशी मी रुग्णालयाच्याच मेडिकलमध्ये गेलो. "निकोटिनची चघळायची गोळी आहे का?"

दुकानदारानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गावठी कट्टा मागितला. "डॉक्टरांची चिठ्ठी?"

"दोन मिलीग्रॅमच्या गोळीला चिठ्ठी लागत नाही."

"चिठ्ठी आणा हो, कशाला वाद."

फाटकाबाहेरच्या टपरीवर याच निकोटिनला, वर डांबर आणि कार्बन मोनॉक्साईडची मोफत जोड देऊन, कोणी चिठ्ठी मागत नाही. आत शुद्ध मागितलं तर चौकशी. केंद्रानं २०२२ साली निकोटिनचे हे पर्याय अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत घातले. बातमी मेडिकलपर्यंत पोचायची आहे, बहुधा जिन्यात असेल.

तर त्या झोपाळू डॉक्टरला गाठलं. तो बिचारा म्हणाला, "द्या की, उपयोग होईल. आम्ही लिहीत नाही कारण कोणी मागतच नाही." चिठ्ठी मिळाली, गोळ्या मिळाल्या. तात्यांनी पहिली गोळी मुलं च्युइंगगम चावतात तशी कचाकचा चावली आणि गिळून टाकली. मग उचक्या. उचक्यांनी घसा जळजळला, घसा जळजळल्यावर खोकला, खोकल्यावर हर्निया. "तुमची ही विलायती विडी बाधली, जावईबापू," म्हणाले.

आतलं माहितीपत्रक वाचलं. गोळी सावकाश चावायची, तोंडात झिणझिण्या आल्या की थांबायचं आणि ती गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्यायची. झिणझिण्या गेल्या की पुन्हा दोन-चारदा चावायचं. अर्धा तास पुरते. गोळीआधी पाव तास चहा नको, नाहीतर निकोटिन तोंडात शोषलं जात नाही. हे मी वाचून दाखवत असताना आठ नंबरवाले कान देऊन ऐकत होते. ते म्हणाले, "म्हणजे बारच की! तात्या, इकडं बघा." आणि त्यांनी खालचा ओठ ओढून जागा दाखवली. समुपदेशन म्हणतात ते त्या वॉर्डात एवढं एकदाच झालं, तेही एका तंबाखूवाल्यानं एका विडीवाल्याला केलं.

यात नवल नाही. ही गोळी निघाली ती स्वीडनच्या पाणबुड्यांमुळे. पाणबुडीत काडी पेटवायची सोय नाही, तेव्हा ओढणारे नौसैनिक तोंडात तंबाखू धरून दिवस काढत. १९६० च्या दशकात हे तिथल्या संशोधकांच्या लक्षात आलं, ते त्यांनी ओव्हे फेर्नो नावाच्या औषधशास्त्रज्ञाला कळवलं आणि त्यानं तंबाखू वगळून नुसत्या निकोटिनची चघळायची गोळी केली. म्हणजे जगभरची विडी-सिगारेट सोडवणारं औषध सुचलं ते बार भरणाऱ्यांकडे बघून. पश्चिम महाराष्ट्रातला कोणताही पार त्या काळी कोणी नीट न्याहाळला असता, तर पेटंट आपल्या नावावर लागलं असतं.

गोळी जागेवर बसली, तात्या माणसात आले. म्हैस विसरली गेली. फिटनेस मिळाला, सहाव्या दिवशी ऑपरेशन झालं, मस्त झालं. सातव्या दिवशी फिजिओथेरपिस्ट मुलगी तीन गोळ्यांचं प्लॅस्टिकचं यंत्र घेऊन आली. नळीतून श्वास आत ओढायचा, गोळ्या वर उचलायच्या. "आजोबा, जोरात ओढा!" पंचेचाळीस वर्षांत तात्यांना ओढायला सांगणारं पहिलं माणूस. त्यांनी डोळे मिटून, चिमटीत नळी धरून, गाल आत घेऊन असा झुरका मारला की पाहणाऱ्याला तलफ यावी. पहिली गोळी उडाली. दुसरी थरथरली. तिसरी जागची हलली नाही.

"आता रोज चालायचं," ती म्हणाली. तात्या चालले. आधी खाटेपासून दारापर्यंत, मग लिफ्टपर्यंत, संध्याकाळी फाटकापर्यंत. पोरगी खूश. "एका दिवसात एवढी प्रगती मी कोणाची पाहिली नाही!" तिला काय ठाऊक, फाटकापलीकडे टपरी आहे आणि ती २३ पावलांवर आहे. मी मोजलीत.

२३ पावलांवर टपरी कशी, असं तुम्ही विचाराल. कायदा २००३ चा. त्यात शाळा-कॉलेजांपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे. रुग्णालय त्या कलमात नाही. शिकायला गेलेल्याला जपायचं, दुरुस्तीला गेलेल्यानं आपलं बघावं. बरं, टपरीवाल्याला तरी नावं कशी ठेवू? संपूर्ण आवारात रुग्णसेवेची पद्धत फक्त त्याला कळली होती. वॉर्डात तात्यांचं नाव होतं 'सात नंबरचा हर्निया'. टपरीवाला दुसऱ्या दिवसापासून 'तात्या' म्हणत होता. त्याला त्यांची विडी कोणती ते माहीत, आगपेटी घरी राहते तेही माहीत, सुट्टे नसले तर उद्या. तात्या तीन दिवस फिरकले नाहीत तेव्हा मला हाक मारून विचारलं, "तात्या दिसले नाहीत, ऑपरेशन झालं का? बरे आहेत ना?" पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकात रुग्णाची सिगारेट सोडवायच्या पाच पायऱ्या दिल्यात : विचारा, सांगा, तयारी जोखा, मदत करा, पाठपुरावा ठेवा. टपरीवाला त्यातल्या चार बिनचूक करतो. फक्त सांगत नाही.

ती एक विडी तात्यांना महागात पडली. दुसऱ्या झुरक्याला ठसका लागला, टाक्यांवर ताण आला, आणि ते पोट धरून टपरीच्या बाकड्यावर बसले. टपरीवाल्यानंच पाणी दिलं. तात्या वर येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. मला म्हणाले, "एवढी बेइमान असेल असं वाटलं नव्हतं." पंचेचाळीस वर्षांच्या संसारातली ती पहिली कुरबूर.

नवव्या दिवशी डिस्चार्ज. डिस्चार्ज कार्डावर जड उचलू नये, जोर करू नये, टाके अमुक तारखेला, आणि सगळ्यात खाली, सहीच्या शेपटात अडकलेली एक ओळ : ॲव्हॉइड स्मोकिंग. पहिल्या पानावर जे निल होतं, ते शेवटच्या पानावर टाळायला सांगितलं होतं. तात्यांना इंग्रजी येत नाही, त्यामुळे दोन्ही पानांचा परिणाम सारखाच झाला.

नुसतं सांगून काही होत नाही, असं समजू नका. १९७९ साली मायकेल रसेल यांनी लंडनच्या फॅमिली डॉक्टरांना एवढंच करायला लावलं की समोर आलेल्या ओढणाऱ्याला एक-दोन मिनिटं सोडायचा सल्ला द्यायचा, हातात एक पत्रक द्यायचं आणि 'मी पुन्हा विचारणार आहे' असं बजावायचं. वर्षानंतर शंभरातल्या पाचांची सुटलेली होती. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं, त्यांच्यात हजारात तिघांची. दोन मिनिटांत पाच टक्के! आपल्याकडे २०१६-१७ च्या त्या सरकारी पाहणीत देशभरच्या ओढणाऱ्यांना विचारलं, की डॉक्टरकडे गेला होतात तेव्हा त्यांनी सोडायला सांगितलं का. 'हो' म्हणणारे निम्मेसुद्धा भरले नाहीत. चघळणाऱ्यांत तर तिघांतला एक. बाकीच्या दोघांचं तोंड बंद होतं, डॉक्टरांचंही.

पण रुग्णालयाच्या बाबतीत खरी मेख पुढे आहे. बोस्टनच्या नॅन्सी रिगोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरचे डझनावारी प्रयोग एकत्र मांडून पाहिले. खाटेवर असताना समजावलं आणि घरी गेल्यावरही महिन्याहून जास्त काळ पाठपुरावा केला, तर सोडणारे लक्षात येण्याइतके वाढतात. नुसतं खाटेवर असेपर्यंत समजावलं, तर त्याचा फरक दाखवता येत नाही. म्हणजे जे काही व्हायचं ते फाटकाबाहेर. ओटावाच्या हृदयरोग संस्थेनं २००२ पासून हेच धरलं : दाखल होणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, नोंदवायचं, तलफेचं औषध द्यायचं आणि घरी गेल्यावर यंत्राकडून फोन लावायचा. सोडलीत का, अवघड जातंय का, नर्सशी बोलायचंय का. ही पद्धत लावलेल्या रुग्णालयांतले रुग्ण कमी वेळा परत दाखल झाले, मेलेही कमी. इंग्लंडनं तर २०१९ मध्ये जाहीर केलं की आमच्या रुग्णालयात जो ओढणारा दाखल होईल, त्याला ही सेवा सरकारी खर्चानं मिळेल.

यंत्रानं फोन करायची विद्या आपल्याकडे नाही असं कोण म्हणेल? मला रोज चार वेळा कर्ज मंजूर होतं.

आपल्याकडेही सरकारी नंबर आहे, १८००-११-२३५६, फुकट. २०१८ पासून तो छापलेला असतो कुठं, तर सिगारेटच्या पाकिटावर आणि विडीच्या बंडलावर. म्हणजे सोडायचा नंबर हवा तर आधी बंडल विकत घ्यायचं. एकेक सिगारेट घेणाऱ्याला तर तोही मिळत नाही, पाकीट टपरीवाल्याकडेच राहतं. सुटी विक्री राज्यानं २०२० मध्ये बंद केली हे मला माहीत आहे. टपरीवाल्याला माहीत आहे का, ते विचारायचं राहिलं. वॉर्डाच्या भिंतीवर हा नंबर कुठं आहे का, म्हणून मी नऊ दिवस शोधला. सोनोग्राफीचा होता, रक्तपेढीचा होता, हर्नियाच्या पॅकेजचा होता, पार्किंगचं कंत्राट घेतलेल्याचा होता.

शेवटी मीच ओटावा व्हायचं ठरवलं. रोज संध्याकाळी सातला फोन.

"तात्या, आज किती?"

पहिल्या दिवशी ते म्हणाले, "जावईबापू, या वयात सोडून आता काय मिळणार? जायचं तेव्हा जाणारच की."

मी डॉलसाहेबांनाच पुढे केलं. त्यांनी ब्रिटिश डॉक्टरांची पन्नास वर्षं नोंद ठेवली आणि २००४ मध्ये हिशेब मांडला. तिशीत सोडली तर सुमारे १० वर्षं वाचतात, चाळिशीत ९, पन्नाशीत ६ आणि साठीत सोडली तरी सुमारे ३.

पलीकडे शांतता. मला वाटलं फोन कट झाला.

"तीन वर्षं म्हणजे तीन आषाढ्या," तात्या म्हणाले.

"तीन आषाढ्या. आणि छाती साथ देईल तर चालत."

"हं," म्हणाले आणि फोन ठेवला. एवढं आयुष्य या विषयावर वाचून मी जे सांगू शकलो नसतो, ते त्यांनी स्वतःच स्वतःच्या मापात मोजून घेतलं. डिस्चार्ज कार्डावर हे कोणत्या रकान्यात लिहायचं, ते छापणाऱ्यालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी आकडा आला अठरा. मग चौदा. एका सोमवारी एकदम बावीस, कारण भावकीत बांधावरून वाद झाला होता. मी काही बोललो नाही, फक्त उद्या पुन्हा सातला फोन करतो म्हटलं. तलफ आली की पाच मिनिटं कड काढायची, गोळी गालात ठेवायची, नाहीतर हरिपाठ धरायचा, असं त्यांनीच ठरवलं. हरिपाठ चालू असताना तोंडात विडी धरता येत नाही, हा त्यातला तांत्रिक फायदा. मग अकरा. मग आठ. काकूंनी कळवलं की कानावरची अर्धी विडी गेली आणि तिथं आता खरंच पेन्सिल असते, आकडा लिहायला.

सोळाव्या दिवशी तात्यांचाच फोन आला, सातच्या आधी. आवाजात ऐट.

"जावईबापू, उगाच नावं ठेवत होता तुम्ही दवाखान्याला. आज तिथून फोन आला होता. मंजूळ आवाजाची बाई होती. माझं नाव, दाखल कधी, घरी कधी, सगळं ठाऊक होतं तिला."

मी थक्क. "काय विचारलं?"

"म्हणाली, एक ते पाच यातला आकडा सांगा. मी म्हटलं, बाई, काल विचारलं असतं तर सात सांगावं लागलं असतं. आज पाच."

"मग?"

"खूश झाली. म्हणाली, असाच लोभ असू द्या."

पाठोपाठ तात्यांनी नातवाकरवी मला तो संदेशही पाठवला, दवाखान्यातून आलेला, फुलांच्या चित्रासकट : 'आमच्या सेवेला पाचपैकी पाच गुण दिल्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार.'